तिसऱ्या दिवशी पाहुणा एकटा चहाला जायला हवा

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि माझ्या घरी दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या मायलेकी उतरल्या होत्या. पावसामुळे खेळ दुपारऐवजी पाच वाजता सुरू झाला, तो संपेस्तोवर मध्यरात्र झाली. भारत ५२ धावांनी जिंकला. आमच्या करावे गावात फटाके, ढोल, पोरं रस्त्यावर. मी मात्र ओट्यावर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या गर्दीतून या दोघी येणार कशा? मुलगा म्हणाला, "आई, मी गाडी घेऊन जातो." मी म्हटलं, थांब. रस्ते बंद असतील, तू अडकशील आणि त्या तुला शोधत बसतील.

एक वाजून गेल्यावर रिक्षा दारात आली. रिक्षावाल्याला त्यांनी मी दिलेलं कार्ड दाखवलं होतं, वाटेत गजरेवालीकडून दोन गजरेही घेतले होते. आपला संघ हरला म्हणून लेक रडवेली झाली होती, पण आई मला म्हणाली, "मावशी, आम्ही आलो." 'मावशी' हा शब्द तिला मीच शिकवला होता.

त्या रात्रीपासून माझं मत पक्कं आहे. परदेशी पाहुण्याची तयारी म्हणजे नवीन पडदे नव्हेत. तिसऱ्या दिवशी त्याला आपल्याशिवाय नाक्यावर जाऊन चहा पिता आला पाहिजे, पैसे देता आले पाहिजेत आणि परत येता आलं पाहिजे. खाली जे लिहितेय ते सगळं त्यासाठी आहे. उलव्याच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली आहेत, स्टेडियमवर काही ना काही चालूच असतं, आणि नेरूळ-सीवूड्सच्या कितीतरी बायका मला विचारतात की आमच्याकडे अमक्याचे मित्र येणार आहेत, काय करू? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी कागद

हे कंटाळवाणं आहे, पण पहिलं हेच. परदेशी पासपोर्टवरचा पाहुणा तुमच्या घरी राहायला आला, की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते. सगळे त्याला अजून 'फॉर्म सी' म्हणतात. हे फक्त हॉटेलांसाठी आहे असं मलाही वाटायचं. तसं नाही, घरी फुकट उतरलेल्या मित्राचीही नोंद घरमालकानेच करायची असते. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाला न्यूझीलंडचं एक जोडपं आमच्याकडे आलं, तेव्हा मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. त्यांच्या देशाच्या संघाचा तुर्कस्तानशी पहिला सामना होता आणि ते दोघं तयार होऊन बसलेले. मी मुलाला कामावरून बोलावून घेतलं, पासपोर्टचे फोटो काढले, घाईघाईत ते सगळं भरलं. तशी घाई तुम्ही करू नका. या नोंदीच्या सरकारी पोर्टलवरचं लॉगिन पाहुणा यायच्या पंधरा दिवस आधी करून ठेवा. पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसाचं पान, त्याचा एक फोटो, तो कुठून येतोय आणि इथून पुढे कुठे जाणार, एवढं आधीच मागवून घ्या. विमानातून उतरून दमलेल्या माणसाकडे मध्यरात्री कागद मागणं बरं दिसत नाही.

सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरीला आणि वॉचमनला नाव सांगून ठेवा. वॉचमनला तर नक्कीच सांगा, कारण पाहुण्याशी पहिलं बोलणार तो. पैसे घेऊन खोली देणार असाल तर राज्याच्या पर्यटन खात्याकडे 'निवास व न्याहारी' योजनेची चौकशी करा, नोंदणीशिवाय सुरू करू नका.

पत्त्याचं कार्ड

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नवी मुंबईत माणूस हरवतो तो इथेच.

आपलं शहर सिडको या सरकारी महामंडळाने आखलं. १९७० साली सिडको आली, नोड म्हणजे वाशी, नेरूळ असे मोठे भाग पाडले, प्रत्येक नोडात सेक्टर पाडले. पण प्रत्येक नोडाचे सेक्टर पुन्हा एकपासून सुरू होतात. वाशीतही सेक्टर ६, नेरुळातही सेक्टर ६. आपल्याला ते सवयीने कळतं, पाहुण्याला कसं कळणार? त्याने रिक्षावाल्याला "सेक्टर सिक्स" म्हटलं की तो निघाला भलतीकडे. त्यात स्टेशनच्या नावात सीवूड्सबरोबर दारावेही येतं, लोक म्हणतात नुसतं सीवूड्स, टपालाच्या पत्त्यात मात्र नेरूळ. म्हणून पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगायचं: आधी नोडाचं नाव, मग सेक्टर, मग खूण.

मी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिते. एका बाजूला मराठीत, रिक्षावाल्याने वाचावं म्हणून: कुठल्या स्टेशनवरून, पूर्वेला की पश्चिमेला, कुठल्या देवळापाशी वळायचं, कुठल्या दुकानासमोर थांबायचं, आणि माझा फोन नंबर. दुसऱ्या बाजूला तेच इंग्रजीत, पाहुण्यासाठी. खुणा त्याच द्यायच्या ज्या गावातल्या पोराला विचारल्या तरी सांगता येतील. नकाशावरची टिकली फोनमध्ये असतेच, पण फोनची बॅटरी संपते आणि स्टेडियमवर गर्दी झाली की नेटवर्क जातं. त्या रात्री नेमकं तेच झालं होतं. दोघींच्या पर्समध्ये एकेक कार्ड होतं म्हणून निभावलं. म्हणून कार्डं माणशी एक करायची.

घराचा फोटोही पाठवून ठेवा, दिवसाचा एक आणि रात्रीचा एक. दिवे लागले की गल्ली ओळखू येत नाही.

घरातल्या वस्तू

घर रंगवू नका. रंगाचा वास महिनाभर जात नाही, आणि पाहुण्याला भिंतीचं काही नसतं. त्याला चार गोष्टी लागतात: पाणी, संडास-बाथरूम, झोप आणि चार्जिंग.

पाणी. मोरबे धरणाचं पाणी चांगलं आहे, आपण नळाचं गाळून पितो आणि आपल्याला काही होत नाही. नव्या पोटाला होऊ शकतं. मी फिल्टरचं पाणी पुन्हा उकळून, गार करून काचेच्या बाटल्यांत भरते आणि त्या बाटल्या त्यांच्या खोलीत ठेवते. दात घासायलाही तीच बाटली. बर्फही त्याच पाण्याचा. बाहेर सरबत घेतलं तर बर्फाशिवाय, हे पहिल्या दिवशी सांगते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते. ओआरएसची चार पाकिटं खोलीतच असतात.

बाथरूममध्ये गीझरचं बटण बाहेर असतं हे त्यांना माहीत नसतं. न्यूझीलंडचे काका दोन दिवस गार पाण्याने आंघोळ करत होते, संकोचाने बोलले नाहीत. तेव्हापासून मी पाहुण्याचा हात धरून बटण दाबून दाखवते. बादली आणि तांब्या कशासाठी, जेटस्प्रे कसा धरायचा, हेही सांगायचं. लाजायचं काही नाही, उलट त्यांना सुटल्यासारखं होतं. टॉयलेट पेपर आणून ठेवा, पण तो कमोडमध्ये टाकायचा नाही हे स्पष्ट सांगा आणि बाजूला झाकणाचा डबा ठेवा, आपल्या जुन्या पाइपांना तो झेपत नाही. कचऱ्याचं तसंच. ओला वेगळा, सुका वेगळा, घंटागाडी किती वाजता येते, हे सांगितलं की पाहुणे आवडीने पाळतात. त्या मायलेकी तर सकाळी स्वतः डबा घेऊन खाली जायच्या.

चार्जिंगला आपल्याकडे २३० व्होल्ट. युरोपातल्या दोन गोल पिना बहुतेक वेळा आपल्या सॉकेटात बसतात. इंग्लंडच्या तीन चपट्या आणि अमेरिकेच्या दोन चपट्या पिना जुन्या सॉकेटात बसत नाहीत. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात अॅडॅप्टर मिळतो, दोन आणून ठेवा. अमेरिकेहून आलेल्या बाईने केस वाळवायचं यंत्र आणलं असेल तर त्यावर किती व्होल्ट लिहिलंय ते बघितल्याशिवाय लावू देऊ नका. तिकडे ११०-१२० असतात.

मच्छरदाणी लावा. आपण खाडीकाठी राहतो, दिवेलागणीला खिडक्या बंद. पहाटेची आरती, कुत्री, कुकरच्या शिट्ट्या यांची कल्पना आदल्या रात्री द्या. शिट्टी म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस सकाळी दचकून उठतो.

जेवण

विचारल्याशिवाय कोलंबी वाढू नका. आपल्याला वाटतं आगरी घरात आलाय, चिंबोरी-कोलंबीच खाऊ घालावी. पण कवचाच्या मासळीची आणि शेंगदाण्याची काहींना अशी अॅलर्जी असते की घसा सुजतो. शेंगदाण्याचं कूट आपण कशातही घालतो, कोशिंबिरीत, भाजीत, खिचडीत, आणि घातलंय हे विसरूनही जातो. म्हणून यायच्या आधीच फोनवर विचारायचं: काय चालत नाही? "काय आवडतं?" हा प्रश्न नंतरचा.

पहिलं जेवण साधं ठेवा. वरण-भात-तूप, तांदळाची भाकरी, एखादी भोपळ्याची भाजी, बाजूला लिंबू. मसाला माझ्या घरी वर्षाचा कुटलेला असतो, तो दुसऱ्या दिवसापासून थोडा थोडा. तिसऱ्या दिवशी ओले बोंबील तळून, किंवा खाडीतले निवटे मिळाले तर निवटे. मासळीला मी त्यांना बरोबर घेऊन दिवाळे गावच्या बाजारात जाते. कोळणी मोठ्याने बोलतात ते भांडण नसतं, हे आधी सांगून ठेवते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा येणाऱ्याला सुक्या मासळीवर भागवायला सांगा. वासाची कल्पना द्या.

हाताने जेवायचं शिकवा, पण चमचाही ताटाशेजारी ठेवा. आग्रह एकदाच. आपल्याकडे नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा वाढतात; त्यांच्याकडे नाही म्हणजे नाही. हे मला फार उशिरा उमगलं.

बाहेर कसं सोडायचं

पहिल्या दिवशी बरोबर जायचं. दुसऱ्या दिवशी दहा पावलं मागे राहायचं. तिसऱ्या दिवशी घरी थांबायचं.

पैशांचं आधी. आपण भाजीवालीलाही फोनवरून पैसे देतो. ज्याच्याकडे इथला नंबर आणि इथलं खातं नाही त्याला ते बहुधा जमत नाही. म्हणून मी बँकेतून दहा-वीस-पन्नासच्या नोटा आणून ठेवते आणि पाहुण्याच्या मोठ्या नोटा त्यात मोडून देते. पाचशेची नोट कटिंग चहाला चालत नाही, हे नाक्यावर उभं राहून कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

रिक्षा मीटरनेच. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहेत. हा आकडा मी कार्डाच्या कोपऱ्यात लिहिते. मीटर पाडायला सांगायचं एवढंच, हुज्जत घालायची नाही; नाही म्हटलं तर पुढची रिक्षा. आमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्या पोरांना मी पाहुण्याची ओळखच करून देते. "ही आपल्या घरची आहे" एवढं म्हटलं की ती पोरं रात्री-बेरात्री धावतात.

लोकलचं पहिलं तिकीट खिडकीवर काढायला लावा, स्वतःच्या तोंडाने स्टेशनाचं नाव घेऊन. दहा किलोमीटरपर्यंत पाच रुपये पडतात हे ऐकून ते पुन्हा विचारतात. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी उलट बाजूला नेऊ नका. बायकांचा डबा कुठला, पहिल्या वर्गाचा कुठला, हे फलाटावर दाखवा. तिकीट पाच रुपयांचं काढून पहिल्या वर्गात चढलेला पाहुणा मी पाहिला आहे, त्याला दंड भरावा लागला. ठाण्याला जायचं तर नेरूळवरून ट्रान्स-हार्बर, मुंबईला हार्बर. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघून ठेवा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, लोक गेटवेपर्यंत जाऊन परत येतात.

स्टेडियमच्या दिवशी गाडी नकोच. नेरूळ किंवा जुईनगरला उतरून चालत जायचं, येताना गर्दीबरोबर स्टेशनात न घुसता अर्धा तास बाहेर थांबायचं. बाटल्या, पॉवर बँक आत सोडत नाहीत, ते घरीच ठेवायचं. पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे दोन नंबर कार्डावर असतातच.

खाडी दाखवायची असेल तर

बाहेरून आलेला माणूस टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे जातो, पाणथळ बघतो, एकही फ्लेमिंगो नसतो आणि परत येतो. दोष पक्ष्यांचा नसतो, वेळेचा असतो. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिकडे चरायला जातात. भरती चढली की चिखल बुडतो आणि ते आत, आमच्या बाजूच्या तळ्यांवर विसाव्याला येतात. म्हणून काठावरून बघायचे तर भरतीला जायचं.

भरती कधी? माझे सासरे होडीवर जायचे, त्यांचा हिशेब मी अजून वापरते: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास, आणि ते उधाण, पाणी सगळ्यात वर. अष्टमीच्या पुढेमागे भांग, पाणी फार चढत नाही. पहाटेही तशीच भरती, दुपारीही. मिनिटांचा फरक पडतो, पण पाहुण्याला घेऊन कधी निघायचं हे ठरवायला पुरतं. महिने नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत. होडीतून बघायचे तर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून फेऱ्या असतात, त्याही भरती-ओहोटीवर ठरतात, आधी विचारून जा. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, हे मी प्रत्येकाला सांगते. सांगताना आवाज चढतो माझा. ही खाडी आम्ही जपलेली आहे.

ओहोटीच्या चिखलाचा वास येतो, तो घाणीचा नाही हेही सांगते. मासळी वाळत घालणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, हे मी पाहुण्याला बजावते. विचारलं की त्या पदर सावरून छान उभ्या राहतात.

पाहुणे विचारतात, हे शहर नवीन आहे ना? मी त्यांना गच्चीवर नेते आणि सांगते की या इमारतींखाली आमची भातशेती होती, पलीकडे मिठागरं होती. विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यातलं कोंबडभुजे हे माझं माहेर. सिडकोने जमिनी घेतल्या, तेव्हा १९८४ साली शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे लोक जासईला रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळाली. माझं घर त्यावर उभं आहे. हे सगळं पाहुण्याला सांगावं की नाही, असं सूनबाईने एकदा विचारलं. सांगावं. तो ज्या धावपट्टीवर उतरतो तिच्याखाली कुणाचं तरी अंगण आहे, आणि ते कळलं तर तो जपून पाऊल टाकतो.

म्हणूनच माझी एक विनंती आहे, सोसायट्यांना आणि नगरसेवकांनाही. पाहुणे येणार म्हणून फुटपाथवरच्या भाजीवालीला उठवू नका. दक्षिण आफ्रिकेच्या त्या आईने इथे सगळ्यात जास्त वेळ घालवला तो तिच्याजवळ बसून, मेथी निवडत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघी दोन दिवस बसत होत्या.

जाताना

बॅग भरताना जवळ थांबा. सुकी मासळी, लोणचं, कैऱ्या, बिया असलं काही देऊ नका. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात खाण्याच्या वस्तूंची फार कडक तपासणी होते, न सांगता नेलं तर दंड होतो. मी काकांसाठी प्रेमाने बांधलेलं सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोलंबीचं पुडकं त्यांनी दोन्ही हातांत धरून परत दिलं होतं, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता मी जुन्या लुगड्याची छोटी गोधडी देते. वजनाला हलकी, आणि तपासणीत अडकत नाही. ती शिवायला मला आठ दिवस लागतात, म्हणून पाहुण्याच्या येण्याची तारीख कळली की पहिला टाका त्याच दिवशी घालते.